आर्डिथच्या गीझरचं बूच

सकाळी साडेसातला आर्डिथ दारात उभी राहिली, तेव्हा माझी कॉफीसुद्धा व्हायची होती. अंगात गुलाबी गाऊन, पायात लोकरीचे मोजे, त्यावर सँडल आणि हातात पेकान-पाय नावाच्या गोड पदार्थाची झाकलेली ताटली. या वाळवंटात मी अकरा हिवाळे काढले, पण सकाळी दार वाजलं की माझं डोकं अजूनही फिरतं. कारण आमचं दार वाजवणाऱ्या कुणालाच मी नको असते. त्यांना डेलबर्ट हवा असतो, आणि तोही गीझरसाठी.

"झोपलाय तो अजून," मी म्हटलं.

"झोपू दे गं. मी काही भांडायला नाही आले. हे घे, त्याला दे. दोन आठवडे तो मेला व्हॉल्व्ह टपटप टपटप करत होता. परवा डेलबर्ट आला आणि दहा मिनिटांत त्याचं तोंड बंद केलं. जादूगार आहे तुझा नवरा."

"तुला काय, हातात पाना घेऊन कुणीही आलं की जादूगार वाटतो."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्याकडे पाना घेऊन येतंय कोण?" ती खिदळली. मग जाता जाता वळून म्हणाली, "एवढंच, की आता सिंकखाली गळायला लागलंय. गीझर पेटवला की जास्त. सवडीने बघून जा म्हणावं. घाई नाही."

ताटली ओट्यावर ठेवून मी तशीच उभी राहिले. कॉफीचं भांडं खदखदत होतं तिकडे माझं लक्ष नव्हतं.

डेलबर्टने नेब्रास्कातल्या एका साखर कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्त झाल्यावर आम्ही घर विकलं, ही घरगाडी घेतली आणि थंडीत दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला असं पक्ष्यांसारखं फिरायला लागलो. ॲरिझोनाच्या या पार्कमध्ये थंडीभर ऐंशी-नव्वद घरगाड्या मुक्कामाला असतात, सगळी आमच्यासारखी म्हातारी मंडळी. इथलं पाणी विहिरीचं, क्षारांनी भरलेलं, आणि पंपाचं प्रेशर असं, की साधा नळ उघडला तरी माणूस भिजतो. त्यामुळे इथे गीझर आजारी पडतात आणि डेलबर्ट त्यांचा डॉक्टर असतो. त्याबद्दल रमोनाने, म्हणजे पार्कच्या मॅनेजरीणबाईंनी, आम्हाला अख्ख्या पार्कातल्या एकमेव मोठ्या झाडाखालची जागा दिली आहे. लोक त्याला येता-जाता सलाम करतात. त्याला ते आवडतं. कुणाला आवडणार नाही?

त्याच्या तोंडून ऐकून ऐकून मलाही चार गोष्टी कळायला लागल्या आहेत. गीझरमधलं पाणी तापलं की फुगतं. टाकीत वरच्या बाजूला थोडी हवा असते, ती दबून त्या फुगलेल्या पाण्याला जागा करून देते. महिना-दोन महिन्यांत ती हवा पाण्यात विरून जाते. मग जागा उरत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थोडं थोडं पाणी बाहेर सोडायला लागतो. लोकांना वाटतं व्हॉल्व्ह बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं, तो आपलं काम करत असतो. गीझर बंद करून थंड होऊ द्यायचा, आत येणारं पाणी बंद करायचं, गरम पाण्याचा नळ उघडायचा आणि व्हॉल्व्हची दांडी वर करून ठेवायची. पाणी गळायचं थांबलं की दांडी खाली. हवा परत आत गेलेली असते. एवढंच औषध.

डेलबर्टने परवा हवा भरली असती, तर आज सिंकखाली गळायचं कारण नव्हतं. फुगलेल्या पाण्याला बाहेर पडायचं होतं आणि त्याने दुसरी वाट शोधली होती. याचा अर्थ पहिली वाट कुणीतरी बंद केली होती. मी गॅस बंद केला, त्याचं जुनं जाकीट खांद्यावर टाकलं, पाना खिशात घातला आणि चपला अडकवून बाहेर पडले.

आर्डिथच्या गाडीच्या कुशीला, बाहेरच्या बाजूने, गीझरचं झाकण आहे. ते मी उघडलं. व्हॉल्व्हच्या तोंडात पितळी बूच होतं. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून, पान्याने आवळून, अगदी निगुतीने बसवलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर पेनने लिहिलं होतं: "डी. एस., ९ जानेवारी. गळती बंद." डी. एस. म्हणजे डेलबर्ट स्ट्रॉस. काम झालं की अशी पट्टी लावायची त्याची कारखान्यापासूनची सवय.

दरवर्षी जानेवारीत डेलबर्ट सगळ्यांना गोळा करून एकच भाषण देतो. "गीझर म्हणजे छोटा बॉयलर. या व्हॉल्व्हच्या तोंडाला हात लावू नका. ते तोंड बंद केलंत आणि त्याच दिवशी थर्मोस्टॅट अडकला, तर तुम्ही बॉम्बला पाठ लावून झोपताय." या वर्षीचं भाषण मागच्याच आठवड्यात झालं होतं. त्यात त्याने एकच विनोद दोनदा सांगितला. लोक दोन्ही वेळा हसले, म्हणून मीही हसले.

आर्डिथचा पलंग त्या भिंतीच्या पलीकडेच आहे.

मी गीझर बंद केला, गॅसही बंद केला. आवाज ऐकून आर्डिथने खिडकीतून डोकं काढलं. "काय गं, आता तूही डॉक्टरकी शिकलीस?"

"डेलबर्टला परत एकदा हवा भरायची आहे. तोपर्यंत गीझर लावू नकोस."

"आणि माझी आंघोळ?"

"मला तरी अजून वास येत नाहीये."

"मेली!" म्हणत तिने खिडकी लावून घेतली.

तापलेल्या टाकीचं बूच काढायचं नसतं, अंगावर उकळतं पाणी येतं. थंड होईपर्यंत एक बादली पालथी घालून मी तिथेच बसले. चांगला तास-दीड तास गेला असेल. एवढा वेळ नुसतं बसून राहायची मला सवय नाही, कारण बसलं की नको ते आठवतं. नाताळाच्या आधी त्याने मला सांगितलं होतं, "वेंडेलला फोन लाव, वाढदिवस आहे त्याचा." वेंडेल म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. एप्रिलमध्ये आम्हीच त्याला पुरून आलो. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं तसा तो म्हणाला, "अरे हो, काय बोलतोय मी," आणि हसला. मीही हसले. किराणा दुकानातून तो एकदा तास उशिरा आला आणि म्हणाला, रस्त्याचं काम चालू होतं. रस्त्याचं काम कुठेच चालू नव्हतं, मला ठाऊक होतं. तेव्हाही मी हसले. तो माझा गुन्हा होता, दुसऱ्या कुणाचा नाही. दमले होते मी. नवऱ्याला काहीतरी होतंय हे मान्य करायला अंगात जी ताकद लागते, ती माझ्यात उरली नव्हती.

बूच निघालं तेव्हा व्हॉल्व्हने एक पिचकारी मारली, मग धार धरली आणि मग गप्प झाला. मी हवा भरली, झाकण लावलं आणि बूच जाकिटाच्या खिशात टाकून घरी आले.

डेलबर्ट उठला होता. हिरवी मिरची घातलेली अंडी खात, चष्मा नाकावर आणून तो खिडकीतून तितर बघत होता.

"आर्डिथच्या गीझरचं काय केलंस रे परवा?" मी विचारलं.

"हवा भरली. दुसरं काय असतं त्यात?"

"कशी?"

"कशी म्हणजे?" त्याने काटा खाली ठेवला. "अकरा वर्षं बघतेयस की. गीझर बंद, पाणी बंद, गरम नळ उघडा, दांडी वर. थांबलं की खाली. परीक्षा घेतेयस का माझी?"

एक शब्द चुकला नाही. मी खिशातून बूच काढून त्याच्या बशीशेजारी ठेवलं.

त्याने ते उचललं, उलटंसुलटं केलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. "हे कुठे होतं?"

"तिच्या व्हॉल्व्हच्या तोंडात."

"कुठल्या गाढवाने मारलं?" तो उठूनच उभा राहिला. खुर्ची मागे आपटली. "मी हवा भरून गेल्यावर मागाहून कुणीतरी हे ठोकलंय! म्हातारी एकटी झोपते तिथे! दर मंगळवारी दुरुस्तीला येणाऱ्या त्या व्हॅनवाल्याचं काम आहे हे. मला पहिल्या दिवसापासून त्याचे हात आवडले नव्हते."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण रागाने तो इतका ताठ उभा होता, डोळ्यांत इतकी धार होती, की महिन्याभरात मी त्याला असं जागं बघितलं नव्हतं. माझा जुना डेलबर्ट दोन मिनिटांसाठी घरी आला होता. त्याला परत कसं पाठवणार?

"काय माहीत," मी म्हटलं.

तो बूच मुठीत घेऊन रमोनाच्या ऑफिसकडे निघाला. टोपी विसरला, पण पाय अगदी तरण्या माणसासारखे पडत होते.

तो गेला तशी मी दुसऱ्या दाराने बाहेर पडले. डोक्यात एकच विचार होता. आर्डिथकडे मारलं, तर आणखी कुठे कुठे मारलं असेल? यादी वगैरे तो कधीच ठेवत नाही, सगळं डोक्यात. मग मी दारोदार हिंडले. "डेलबर्टने क्षार बघायला पाठवलंय" असं सांगायचं आणि झाकण उघडायचं. ऊन चढत होतं, खडीवरून चालून टाचा भरून आल्या होत्या, प्रत्येक दारात कुणी ना कुणी कॉफीसाठी अडवत होतं. कुणी म्हणे, तुझा नवरा नसता तर आम्ही काय केलं असतं. कुणी त्याच्यासाठी लिंबं दिली. मी लिंबं घेत होते आणि पुढच्या गाडीकडे जात होते.

आठ झाकणं निर्धोक होती. त्यांत त्याच्या पट्ट्या होत्या, पण तारखा डिसेंबरच्या. नवव्यात बूच होतं. बाराव्यात होतं. दोन्ही ठिकाणी तीच टेप, तसंच निगुतीने आवळलेलं, झाकणावर त्याची पट्टी. दोन्ही गीझर बंद करायला लावून मी सांगितलं, "संध्याकाळपर्यंत हात लावू नका."

मग मी हाल्वरसन नवरा-बायकोच्या जागेपाशी आले. तिथे गाडी नव्हती. गाडीखालची खडी तेवढी स्वच्छ राहिली होती. शनिवारी ते दोघं समुद्राकडे निघून गेले आणि शुक्रवारी दुपारभर डेलबर्ट त्यांच्या गीझरपाशी होता. कॅरल हाल्वरसनने जाताना मला मिठी मारून म्हटलं होतं, "तुझ्या नवऱ्यामुळे निश्चिंत निघालोय."

मी ऑफिसात गेले. रमोना फोनवर कुणाला तरी झापत होती. फोन ठेवून म्हणाली, "या नॅडीनबाई. मिस्टर डेलबर्ट आत्ताच गेले. मी व्हॅनवाल्याला सांगून टाकलं, उद्यापासून गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. म्हातारीला मारायला निघाला होता मेला! आणि चार वाजता सगळ्यांना बोलावलंय. मिस्टर डेलबर्ट बूच दाखवून सगळ्यांना सावध करणार आहेत."

"व्हॅनवाला काय म्हणाला?"

"काय म्हणणार? मी नाही, मी नाही. दोन लेकरांची शपथ घेत होता. तेच म्हणतात सगळे."

मी हाल्वरसनांचा नंबर मागितला. कशाला हवा, तर म्हटलं, कॅरलला एक गोष्ट विचारायची आहे. बाहेर येऊन फोन लावला. चार वेळा वाजून निरोप ठेवायचा आवाज आला. "कॅरल, नॅडीन बोलतेय," मी म्हटलं. "गीझर लावू नका. लागलेला असेल तर लगेच बंद करा आणि मला फोन करा." एवढं बोलून मी फोन ठेवला. त्यांच्यासारखे आणखी किती निघून गेले असतील? थंडी सुरू झाल्यापासून पार्कात गाड्या येत होत्या, जात होत्या. मला ठाऊक नव्हतं. डेलबर्टला तर आणखीच ठाऊक नव्हतं. पण इथे राहिलेल्यांना ठाऊक असणार, डेलबर्ट कुणाकडे गेला होता, कुणाच्या शेजाऱ्याकडे गेला होता. ते सगळ्यांना एकदम विचारायला हवं होतं आणि विचारायचं तर आधी का ते सांगायला हवं होतं.

चार वाजता इथे रोज खुर्च्यांचा गोल होतो. प्रत्येकजण आपली खुर्ची आणि आपला ग्लास घेऊन येतो, कुत्री खुर्च्यांखाली पसरतात. आज गोल नेहमीपेक्षा मोठा होता. डेलबर्ट मधोमध उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्याने. स्वतः इस्त्री केली होती.

"मंडळी," त्याने बूच वर धरलं, "हे बघा. या एवढ्याशा पितळाने आपल्या आर्डिथचा जीव गेला असता. सिंकखाली गळलं म्हणून वाचली, नाहीतर त्या भिंतीसकट गेली असती. ज्याने हे मारलं त्याला गीझर म्हणजे काय ते कळत नाही. आणि ज्याला कळत नाही त्याने हात लावू नये!"

"बरोबर!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. आर्डिथने डोळे पुसले.

"व्हॅनवाल्याचा मी बंदोबस्त केलाय," रमोना म्हणाली.

मी उठले. खुर्चीचा हात धरूनच उठले. इतकी दमले होते, की एक क्षण वाटलं, परत बसावं. त्या परक्या माणसाला दुसरं पार्क मिळेल, हाल्वरसनांना निरोप मिळेल, बाकीचं देव बघून घेईल. पण कॅरलची ती मिठी माझ्या अंगावरून जात नव्हती.

"व्हॅनवाल्याने नाही मारलं, डेलबर्ट," मी म्हटलं. "तू मारलंस."

तो हसला. "काय?"

"झाकणाच्या आत तुझी पट्टी आहे. तुझं अक्षर, नऊ तारीख. आणखी दोन गाड्यांत अशीच बुचं मिळाली मला, तिथेही तुझीच पट्टी आहे."

"अगं नॅडीन, असं कसं बोलतेस त्याला..." आर्डिथ अर्धवट उठली आणि मध्येच थांबली. परवा आपल्या डोळ्यांदेखत कोण पाना फिरवत होतं ते तिला आठवलं असणार. ती हळूच खाली बसली.

डेलबर्टने बूच डोळ्यांजवळ नेलं. आट्यांवरची टेप नखाने थोडी उकलून बघितली. बत्तीस वर्षं ज्या हातांनी ती गुंडाळली, ते हात त्याला ओळखता आले नसते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "खरंच?"

"हो रे."

माझी खात्री होती, की तो आता ओरडेल, नाहीतर निघून जाईल. घरी गेल्यावर माझं तोंड बघणार नाही, हेही मी धरून चालले होते. त्याने बूच शर्टाच्या खिशात टाकलं आणि घसा साफ केला.

"आधी सगळ्यांनी गीझर बंद करायचे," तो म्हणाला. आवाज कारखान्यातला होता. "कुणी काही उघडू नका, टाक्या गरम असतील. रमोना, त्या व्हॅनवाल्याला आत्ता फोन करा. माझ्या वतीने माफी मागा आणि म्हणावं, लवकरात लवकर या, इथे तुमचं काम आहे." मग तो थांबला. गोलातल्या एकेका चेहऱ्यावरून त्याची नजर फिरली. "मी यंदा कुणाकुणाकडे आलो होतो, ते मला आठवत नाहीये. ज्यांच्याकडे आलो होतो त्यांनी हात वर करा."

आर्डिथचा हात पहिला वर गेला. मग तिच्या शेजारचा. मग पलीकडे दोन, मग एक अख्खी रांग. काहीजण हात वर करताना खाली बघत होते. कुणीतरी म्हणालं, आमच्या शेजारचे पार्क सोडून गेले, त्यांच्याकडेही आला होता तो, त्यांच्यासाठी मी दुसरा हात वर करतो.

डेलबर्ट बोट दाखवत मोजायला लागला. एक, दोन, तीन. ओठ हलत होते. बारापर्यंत गेला, थांबला आणि परत आर्डिथपासून सुरू केलं. एक, दोन. या वेळी नवावर अडकला. बोट हवेत तसंच राहिलं. कुणीही हात खाली घेतला नाही.

"नॅडीन," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू मोज."

मी मोजले. सव्वीस भरले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दिवसभर मी लोकांची झाकणं उघडत हिंडले, आमचं सोडून. ज्या भिंतीला पाठ लावून आम्ही दोघं रोज झोपतो तिथलं झाकण मी उघडलंच नव्हतं.

मी माझाही हात वर केला.

"सत्तावीस," मी म्हटलं.